ऑनलाइन तासात मुलाची वही दिसत नाही

प्रश्न असा आहे : "मी रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या संस्थेने यंदापासून पाचवी ते आठवीची शनिवारची शाळा ऑनलाइन आणि दहावीचे जादा तास रात्री मोबाइलवर घ्यायचं ठरवलं आहे. मी कोविडनंतर नोकरीला लागले, त्यामुळे तो काळ शिक्षिका म्हणून पाहिलेला नाही. ऑनलाइन शिकवल्याने मुलांवर आणि आमच्यावर नेमका काय परिणाम होतो?"

आधी ठरावातल्या दोन गोष्टी सुट्या करा. दहावीचे जादा तास आणि पाचवीची शनिवारची शाळा एकाच ओळीत बसवली आहे, गडबड तिथेच आहे. जादा तासांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. शनिवारच्या ऑनलाइन शाळेला मी बैठकीत सरळ विरोध केला असता. का, ते सांगतो.

मी बरीच वर्षं वर्गावर गणित शिकवलं आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून दक्षिण रायगडातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा पाहिल्या. कोविडची दोन वर्षं त्यातच आली. त्यामुळे माझं बोलणं मुख्यतः जिल्हा परिषदेच्या शाळांवरून आहे. पुण्या-मुंबईत, घरात वायफाय आणि स्वतंत्र खोली असलेल्या मुलांचं चित्र थोडं निराळं निघेल. थोडंच, कारण मूळ अडचण सगळीकडे सारखी आहे.

ती अडचण एका भागाकारात दाखवतो. ६१८ भागिले ६. मूल म्हणतं, सहा एके सहा, वर एक. मग १ खाली उतरवलं. एकाला सहाचा भाग जात नाही, तेव्हा वर शून्य द्यायला हवं. ते राहून जातं. मूल पुढचा ८ उतरवतं, अठरा होतात, सहा त्रिक अठरा, उत्तर १३. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही चूक शेकड्याने पाहिली आहे. वर्गात तुम्ही बाकांमधून फिरत असता, वहीत १३ दिसतं, तुम्ही वाकून एवढंच विचारता : "सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटले, तर एकेकाला शंभर तरी येतील की नाही?" मूल क्षणभर थांबतं, स्वतःच खोडतं आणि १०३ लिहितं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते अर्धं मिनिट चूक होतानाचं असतं, म्हणून उपयोगी पडतं.

तोच भागाकार व्हॉट्सॲपवर बघा. रात्री साडेनऊला वहीचा फोटो येतो, आडवा, अर्ध्या पानावर मोबाइलची सावली. बोटांनी मोठा करून बघितलं तर सुवाच्य अक्षरात १०३. ते उत्तर मुलाचं आहे, ताईचं आहे, गाइडमधलं आहे की कॅल्क्युलेटरचं, हे कळायला मार्ग नाही. समजा १३ आलं. तुम्ही फोटोवर लाल रेघ ओढून परत पाठवता. मोबाइल बाबांचा. ते सकाळी कंपनीत जातात ते संध्याकाळी येतात. मुलाला तुमची लाल रेघ दुसऱ्या रात्री दिसते. तोवर ते गणित त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं आणि तुम्ही अपूर्णांकांवर पोहोचलेल्या असता.

तुमच्या प्रश्नाचं मला कळलेलं उत्तर हेच आहे. तुम्ही शिकवलेलं मोबाइलमधून मुलापर्यंत बऱ्यापैकी जातं. मुलाची चूक मात्र तुमच्यापर्यंत येत नाही, आली तरी उशिरा आणि धुऊनपुसून येते. लहान वयात शिकणं निम्म्याहून जास्त या चुकांवर चालतं. बाकीचे परिणाम, डोळे दुखणं, लक्ष न लागणं, रेंज नसणं, हे खरेच आहेत, पण उपाय काढता येण्यासारखे आहेत. चूक न दिसण्यावर उपाय करायचा तर शिकवण्याची रीतच बदलावी लागते.

आता तो काळ थोडक्यात, कारण तुम्ही पाहिलेला नाही आणि बैठकीत कुणीतरी "तेव्हाही चाललंच होतं की" असं म्हणणार.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो रद्दच झाला. राज्यात "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" या नावाने रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला. त्यात दीक्षा या सरकारी अभ्यास-ॲपच्या लिंक असायच्या. आपल्याकडे त्यात भर पडली ती निसर्ग वादळाची. ३ जूनला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ते आदळलं आणि श्रीवर्धन, म्हसळा पट्ट्यात कित्येक गावांमध्ये आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा इथल्या पालकांना मोबाइल चार्ज कुठे करायचा हा प्रश्न होता, आणि शाळांना रोजचा अहवाल भरायच्या सूचना येत होत्या. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. माझ्या मते त्या काळातलं लहान मुलांसाठीचं ते सगळ्यात शहाणं काम होतं, कारण त्याला रिचार्ज लागत नव्हता आणि आई शेजारी बसून बघू शकत होती.

मोबाइल होते का? होते, वाढतही होते. 'असर' म्हणजे 'प्रथम' संस्थेची शिक्षणाची पाहणी. तिच्या २०२० च्या ग्रामीण पाहणीत देशभरात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी तो ३६.५ टक्के मुलांच्या घरी होता. पण "घरी" हा शब्द नीट वाचा. एका घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुलं तीन. त्यात दहावीचा मुलगा असला की पाचवीतल्या बहिणीचा नंबर शेवटी, आणि बहीण दहावीला असली तरी बरेचदा मोबाइल भावाच्याच हातात. गूगल मीटवर हजेरी घ्यायला बसलं की नावं दिसायची ती अशी : "रेडमी ९", "श्री स्वामी समर्थ", कुणाच्या तरी वडिलांचं नाव, दुकानाचं नाव. कोण आलंय आणि कोण नाही हे ओळखण्यातच पहिली दहा मिनिटं जायची, नंतरची दहा "आवाज येतोय का" यात.

गावातल्या ज्या शाळांनी लवकर ओळखलं, त्यांनी ऑनलाइनचा नाद कमी केला. शिक्षक वाडीवर जाऊन पाच-सहा मुलं ओटीवर किंवा समाजमंदिरात बसवायचे, अभ्यास द्यायचे, दोन दिवसांनी परत येऊन वह्या बघायचे. मी पाहिलेल्या शाळांत मुलं टिकली ती अशा ठिकाणी. कागदावर हे सगळं "ऑनलाइन शिक्षण" म्हणूनच नोंदलं गेलं, ही त्यातली गंमत.

आता लहान मुलांचं. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाचा हिशोब करा. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाले, महिनाअखेरीपासून सावकाश सुरू झाले. म्हणजे या मुलाने पहिली घरी काढली आणि शाळेचा वर्ग पाहिला तो दुसरीचं निम्मं वर्ष उलटल्यावर. अक्षर गिरवताना बोट धरायला कुणी नाही, वेलांटी डावीकडून की उजवीकडून हे सांगायला कुणी नाही. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी देशभरात २०.५ टक्के निघाली, २०१८ मध्ये ती २७.३ टक्के होती. पाचवीत हाच आकडा ५०.५ वरून ४२.८ वर आला. वजाबाकी-भागाकारातली घट वाचनापेक्षा कमी होती, हे मला आधी नवल वाटलं होतं. पण विचार केला तर पटतं. घरात दुकान, हिशोब, सुटे पैसे असतात. गोष्टीची पुस्तकं किती घरांत असतात?

पाचवी ते आठवीच्या मुलांचं नुकसान वेगळं होतं. ती मुलं वाचायला शिकलेली होती, पण त्यांनी "उतरवून काढणं" आत्मसात केलं. ग्रुपवर एकाने उत्तर टाकलं की बाकीच्या वह्यांत तेच, चुकीसकट. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा ही मुलं वर्गात होती, तुम्हाला आठवत असेल : प्रश्न दिला की पेन हातात घेऊन फळ्याकडे बघत बसणारी. ती मठ्ठ नव्हती. उत्तर कुठूनतरी येतं, एवढं त्यांना दोन वर्षांत पक्कं कळलं होतं. त्यात लिहिण्याची सवय गेली. २०२२ च्या दहावीच्या मुलांची आठवीची वार्षिक परीक्षा रद्द झाली होती, नववीचीही. ती थेट बोर्डाचा पेपर लिहायला बसली. बोर्डाने अभ्यासक्रम पाव हिस्सा कमी करून मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून दिला तो उगाच नाही. त्याआधीच्या, २०२१ च्या तुकडीची परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभराच्या कामाचे ३० आणि अंतर्गत २० अशा गुणांवर ९९.९५ टक्के निकाल लागला. निकालाचा तो आकडा कुणी ऑनलाइनच्या यशाचा पुरावा म्हणून पुढे केला, तर हसून पुढे जा.

शाळा म्हणजे तास एवढंच नसतं हेही तेव्हा दिसलं. मधली सुट्टी गेली, एकत्र बसून खाल्ली जाणारी खिचडी गेली. पोषण आहाराचे तांदूळ-कडधान्य घरी मिळत होते, पण ते घरच्या हंड्यात जायचे. आणि अभ्यासासाठी हप्त्यावर घेतलेला मोबाइल शाळा उघडल्यावर मुलाच्या हातातून परत गेला नाही. तुमच्या वर्गातल्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात.

मग काहीच चांगलं झालं नाही का? झालं, आणि ते दहावीच्या तासांना लागू पडतं म्हणून सांगतो. मोठ्या मुलांना व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन बघता येतो. भूमितीचं प्रमेय तिसऱ्यांदा विचारायला वर्गात जो मुलगा लाजतो, तो तोच व्हिडिओ पाच वेळा बघतो. वर्गात वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुली खासगी मेसेज करून अडलेलं विचारायला लागल्या, हा अनुभव मला कित्येक शिक्षकांनी सांगितला. पालकांना पहिल्यांदा कळलं की बाई वर्गात नक्की काय करतात. शिक्षकांपुरतं म्हणाल, तर तालुक्याला दिवस घालवून करावी लागणारी निम्मी प्रशिक्षणं घरी बसून होऊ लागली. त्याबद्दल ऋणी आहे. (ती प्रशिक्षणं मागे चालू ठेवून स्वयंपाक करता येतो, हाही शोध तेव्हाच लागला.)

आता तुमच्याबद्दल, म्हणजे शिक्षकांबद्दल. याविषयी कमी बोललं जातं.

पहिली गोष्ट, चेहरे जातात. वर्गात चाळीस चेहरे सतत काहीतरी सांगत असतात : कळलं, नाही कळलं, कंटाळा आला, मागचा पोरगा काहीतरी करतोय. त्यावर तुमचा वेग ठरतो. ऑनलाइन तासात कॅमेरे बंद, आवाज बंद, आणि उत्तर देणारे तीन-चार जण ठरलेले. नकळत तुम्ही त्या तीन-चार जणांसाठी शिकवायला लागता. ते हुशार असतील असंही नाही. त्यांच्याकडे चांगला मोबाइल, रेंज आणि शांत कोपरा असतो, एवढंच. ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांच्या वेगाने तास पुढे जातो आणि "सगळ्यांना कळलं ना?" यावर त्यांचंच "हो बाई" ऐकू येतं. हा परिणाम फसवा आहे, कारण तास छान झाल्यासारखा वाटतो.

दुसरी, दिवस संपत नाही. मोबाइल रात्री घरी येतो म्हणून फोटो रात्री येतात, शंका रात्री येतात, पालकांचे फोनही रात्रीच. बाईमाणसाला त्याच वेळी घरचं सगळं असतं. त्या दोन वर्षांत शिक्षकांना सर्वेक्षणाची, चेकपोस्टची, रेशन दुकानावरची ड्युटी होती. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या घरोघरच्या तपासणीतही अनेक जण होते. तेवढं करून रात्री लिंक भरायची, तास घेतल्याचा स्क्रीनशॉट टाकायचा. शिकवल्यापेक्षा शिकवल्याचा पुरावा गोळा करण्यात जास्त वेळ जातो, ही तक्रार मी इतक्या तोंडून ऐकली की ती अपवाद मानता येणार नाही. तुमची संस्था स्क्रीनशॉट मागणार असेल, तर आताच विचारा की त्याचं पुढे काय करणार आहे.

तिसरी, भिंती जातात. वर्गात तुम्ही आणि मुलं असता. ऑनलाइन तासाला आजोबा, काका, शेजारी असे न दिसणारे श्रोते असतात. एखाद्या मुलाला रागावणं, स्वतःच्या उच्चारावर विनोद करणं, मुलांबरोबर वेडंवाकडं गाणं म्हणणं हे सगळं आखडतं. कुणीतरी रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकलं तर, ही धास्ती असते. परिणामी शिक्षक पुस्तकाला चिकटतो. भाषेच्या शिक्षकांचं यात सर्वात जास्त गेलं असं मला वाटतं.

आणि प्रत्येक शाळेतला एक "तंत्रस्नेही" शिक्षक सगळ्यांचं ओझं वाहतो. तुम्ही तरुण आहात, ते काम तुमच्याकडेच येणार. पहिल्या महिन्यातच दोन सहकाऱ्यांना लिंक बनवायला आणि फॉर्म काढायला शिकवून टाका, नाहीतर निवृत्तीपर्यंत सुटका नाही. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचं तर विचारू नका, फी येत नाही म्हणून अर्ध्या पगारावर पूर्ण काम केलेले कितीतरी आहेत. अनुदानितवाल्यांनी कुरकुर करताना ते ध्यानात ठेवावं.

आता करायचं काय. दहावीचे जादा तास घ्या, पण शिकवायला नको, शंकांसाठी घ्या. धडा आठ-दहा मिनिटांचा, तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून दुपारीच टाका. चांगला कॅमेरा वगैरे काही लागत नाही, वही, पेन आणि वरून धरलेला मोबाइल पुरे. तास चाळीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणासाठीच्या 'प्रज्ञाता' सूचनांतही तीस ते पंचेचाळीस मिनिटांचेच तास सांगितले होते, नववीपासून पुढे दिवसाला जास्तीत जास्त चार.

चूक आपल्यापर्यंत यावी म्हणून दोन-तीन गोष्टी कामी येतात. फोटो मागताना "खोडलेलं दिसलं पाहिजे" असं सांगा. खोडरबर नको, चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि खाली पुन्हा लिहा. कच्चं काम पाठवणाऱ्याचं कौतुक करा, नीटनेटक्या पानाचं नको. दुसरं, उत्तर विचारण्याऐवजी चुकीचं सोडवलेलं गणित द्या आणि "याचं कुठे चुकलं ते शोधा" म्हणा. वरचा १३ वाला भागाकार तसाच्या तसा टाकून बघा. यात उतरवून काढता येत नाही, शोधणाऱ्याला मजाही येते. तिसरं आणि सगळ्यात उपयोगी : रोज चार-पाच मुलांना साधा फोन करा. व्हिडिओ नको, लिंक नको. "हे गणित मला तोंडी सांग बघू, मी लिहून घेते." मूल बोलायला लागलं की कुठे अडखळतं ते दोन मिनिटांत कळतं. साध्या फोनला रेंजही कमी लागते आणि बटणाच्या मोबाइलवरही हे होतं. आठ-दहा दिवसांत पूर्ण तुकडी होते.

वेळेचं आधीच जाहीर करा. साडेनऊनंतर आलेलं दुसऱ्या दिवशी बघितलं जाईल, हे पहिल्या पालकसभेत सांगितलं तर कुणाला काही वाटत नाही. डिसेंबरमध्ये सांगितलं तर बाई बदलल्या असं होतं.

पाचवी ते आठवीच्या शनिवारबद्दल बैठकीत विरोध नुसता तोंडी करू नका, पर्यायही द्या. शनिवारी अर्धा दिवस शाळा भरवायची नसेल तर शुक्रवारी कागदावर काम द्या, पाच गणितं आणि एक उतारा. सोमवारी पहिल्या तासाला वह्या बाकावर उघड्या ठेवून तुम्ही फिरा. रिचार्ज लागणार नाही, घरी एकच मोबाइल असलेली मुलगी मागे पडणार नाही आणि संस्थेला शनिवारचा वीज-बसचा खर्च वाचवायचाय तो वाचेल. "मग ऑनलाइन काय झालं?" असं कुणी विचारलंच, तर आधी प्रत्येक वर्गाची यादी मागा : किती घरांत मोबाइल, त्या घरात शिकणारी मुलं किती आणि शनिवारी सकाळी तो मोबाइल कुणाच्या खिशात असतो. ही यादी वर्गशिक्षकांकडून दोन दिवसांत होते. ती टेबलावर आल्यावर मग ठरावाला हात वर करायचा का ते ठरवा.